ताटात वाजलेलं शिसं

आपल्या घरात ‘वाजलं’ या शब्दाला एक खास अर्थ आहे. तो तुम्हा तिन्ही नातवंडांनाही माहीत आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत त्या शब्दापायी जे झालं ते मात्र तुमच्यापर्यंत तुकड्यातुकड्याने पोहोचलं. कुणाला फोनवर अर्धं कळलं, कुणाला आजोबांनी मीठमसाला लावून सांगितलं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. तुमच्यातला थोरला या हकिकतीत आहेच. त्याने वाचून कुठे चुकलं असेल तर कळवावं. धाकट्या दोघींनी आधी पूर्ण वाचावं, मग फोन करावा.

रविवारी सकाळी आमची न्याहारी चालू असते तेव्हा कॅनडात शनिवारची संध्याकाळ असते आणि थोरल्याच्या घरी जेवणं चाललेली असतात. मी फोन तुरीच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवते. आजोबा समोर बसतात, मी भाकरी थापता थापता मागून बोलते. त्या रविवारी थोरला भलताच खुशीत होता. तिकडे शिकारीचा परवाना काढून, त्याची परीक्षा देऊन, त्याने पहिलं हरीण मारलं होतं. ते घरी आणून, सोलून, तुकडे करून, फ्रीजरमध्ये रचून ठेवलं होतं. त्या दिवशी त्यातलं पहिलं मटण ताटात आलं होतं.

“आजीच्या पद्धतीनं केलंय,” तो म्हणाला. “रात्रभर ताकात भिजवलं. काळा मसाला तुम्ही दिलेलाच.”

“आणि जखमेभवतीचं?” आजोबांनी विचारलं.

“चार बोटं काढून टाकलं, आजोबा. तुम्ही सांगितलं तसं.”

आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. नातवाने आपलं काही ऐकलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते आलं होतं. तेवढ्यात फोनमधून ‘टिक’ असा बारीक आवाज झाला आणि आपली सहा वर्षांची पणती खुर्चीवर उभी राहिली.

“पणजोबा, माझं वाजलं!”

“शाब्बास! दे रे तिला कलेजीचा तुकडा,” आजोबा म्हणाले.

तिने ताटातून काहीतरी उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं. मी भाकरीचा हात धुऊन जवळ आले आणि चष्मा लावला. तिच्या बोटावर करड्या रंगाची एक कपची होती, कापलेल्या नखाएवढी, एका बाजूला फाटल्यासारखी.

“बाळा, हे कुठं होतं?” मी विचारलं.

“तोंडात. मी चावलं. कडक नाहीये, मऊ आहे. बघ, दाताचा खड्डा पडला.”

तो खड्डा मला इकडून काही दिसला नाही, पण तो शब्द मनात राहिला. दाताने खड्डा पडेल असा धातू फार थोड्या वेळा आपल्या तोंडात येतो.

आता हा शब्द आला कुठून, ते सांगते. तुमच्या पोरांना कधीतरी वाचून दाखवाल, म्हणून पहिल्यापासून.

मी सोलापुरात इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी; पुढे तुळजापूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. लग्न होऊन जळकोटजवळच्या या मळ्यात आले तेव्हा इथे जेवायला पितळ्या होत्या, म्हणजे पितळेची खोलगट ताटं. हायवेचा रस्ता तेव्हा अरुंद होता आणि त्याच्या पलीकडच्या माळावर तित्तर, लावे, ससे भरपूर होते. आजोबांकडे दुनळी बंदूक होती, अजूनही आहे. थंडीच्या दिवसांत ते आणि त्यांचे वडील पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत दोन-चार तित्तर घेऊन यायचे. मी पक्षी ताकात भिजत घालायला शिकले ते माझ्या सासूबाईंकडून. वशाट वास जातो, मांस मऊ होतं.

त्या बंदुकीच्या काडतुसात मोहरीहून थोडे मोठे, शिशाचे गोल छर्रे असतात. कितीही निवडलं तरी एखादा मांसात राहतोच. जेवताना तो दाताखाली यायचा, खाणारा तो पितळीत टाकायचा, आणि पितळी वाजायची. मग तो म्हणायचा, “वाजलं.” ज्याचं वाजेल त्याला सासरे आपल्या वाट्याची कलेजी द्यायचे. घरातली सगळी मुलं वाजायची वाट बघत जेवायची. काही जण छर्रा गालात लपवून ठेवून शेवटच्या घासाला काढायचे, म्हणजे सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे. एका दिराने तर जुनाच छर्रा चोळीच्या गुंडीसारखा जपून ठेवला होता. रोज त्याचंच वाजायचं, असं करत करत तो पकडला गेला.

मी शिकलेली सून, म्हणून भांड्यांना कल्हई करायची असली की अंगणात खुर्ची टाकून समोर बसायचे. कल्हई नुसत्या कथलाची हवी. स्वस्त म्हणून कथलात शिसं मिसळतात, आणि ते पोटात जाऊ नये, हे माझ्या वडिलांनी लग्नाआधी दहादा बजावलं होतं. आजोबा तेव्हा चिडवायचे, “मास्तरीणबाईंनी आता भांड्यांचीबी परीक्षा लावली.” कल्हईवाला हसायचा आणि कथलाची कांडी मला हातात द्यायचा. त्या वेळी एकाच घरात कल्हईतल्या शिशाला बंदी आणि छर्‍यातल्या शिशाला कलेजीचं बक्षीस, असा कारभार चालू होता. तो कुणाच्याच लक्षात आला नाही. शिकारीला तेव्हा कुणी धातूचं काम समजत नसे.

पुढे कायदा झाला आणि शिकार बंद झाली. आजोबांनी त्याच्यावर कधी कुरकुर केली नाही. बंदूक पिकाच्या राखणीच्या परवान्यावर राहिली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, संपली की परत आणायची, एवढाच तिचा प्रवास. रानडुकरं ज्वारीत घुसतात तेव्हासुद्धा आजोबा फटाकेच लावतात.

शब्द मात्र राहिला. तुम्ही मे महिन्यात यायचात तेव्हा आमटीत एखादा चिंचोका निघाला तर स्टीलच्या ताटात वाजायचा आणि आजोबा ओरडायचे, “कुणाचं वाजलं?” मला त्याचा राग यायचा, कारण चिंच मी स्वतः फोडून, बिया काढून, मीठ लावून भरते, त्यात चिंचोका निघणं म्हणजे माझ्या कामात खोट. नंतर कळलं की तो आजोबाच हळूच टाकायचे. तुम्हाला त्यांनी छर्‍याच्या गोष्टी सांगितल्या त्या तेव्हाच. आणि जखमेभवती चार बोटं कापून टाकायची, हा नियमही.

तर त्या रविवारी फोन ठेवल्यावर मी आजोबांना म्हटलं, “अहो, ते शिसं आहे.”

“मग? शिसंच असणार. सोन्याची गोळी कोण मारतं?”

“पोरीनं चावलंय.”

“अगं, आमी सगळ्यांनी चावलं. मला काय झालं?”

“तुम्हाला काय झालं ते मोजलंय कुणी?”

ते म्हणाले, “तुझ्या शाळेतली पोरं दिवसभर शिसपेन्सिली चावायची. निम्मं तुळजापूर पेन्सिली चावून शिकलं. ते कसं चालायचं?”

“शिसपेन्सिलीत शिसं नसतं. नुसतं नाव आहे.”

“नुसतं नाव?”

“नुसतं नाव.”

“लई फसवलं की मग आम्हाला,” असं म्हणून ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले. म्हणजे विषय संपला नव्हता, फक्त चहाची वेळ झाली होती.

पुढचे काही दिवस मी वाचत बसले. सरकारी पत्रकं वाचली, पण जास्त करून शिकार करणाऱ्यांनीच शिकार करणाऱ्यांसाठी लिहिलेलं वाचलं, कारण आजोबा दुसऱ्या कुणाचं ऐकणार नव्हते. त्यात जे समजलं ते असं. आपल्या दुनळीचा छर्रा गोल असतो, तसा हळू जातो, बहुतेक वेळा अख्खा राहतो. दाताला लागतो, काढून टाकता येतो. हरणाला मारतात ती रायफलची गोळी निराळी. ती फार वेगाने जाते, आत शिरली की मऊ शिसं उमलतं आणि उमलताना त्याचा चुरा उडतो. काही कण नखाएवढे, बरेचसे रव्याएवढे, आणि काही इतके बारीक की जिभेलाही कळणार नाहीत. ते जखमेपासून बरेच लांब जातात. आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिशाचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो, तोही बाहेरून काही न दिसता.

म्हणजे पोरीचं जे वाजलं ते निदान सापडलं होतं. न वाजलेलं पोटात गेलं होतं.

त्यात ताक. पितळेच्या भांड्यात कल्हईशिवाय आंबट ठेवलं की ते कळकतं, हे आपल्याकडे लहान मुलीलाही माहीत असतं. आंबट धातूला खातं. शिशाचा चुरा असलेलं मांस रात्रभर ताकात ठेवणं म्हणजे ते मुद्दाम कळकवणं. पाककृती माझीच होती, आणि ती मी मोठ्या हौसेने सांगितली होती.

मी थोरल्याला फोन केला, पोरगी शाळेत असेल अशी वेळ बघून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आजी, पण माझी गोळी तांब्याची आहे.”

“कुणी सांगितलं?”

“दिसतेच की. थांबा, फोटो पाठवतो.”

फोटो आला. गोळी खरोखरच नव्या घंगाळासारखी चमकत होती. आजोबा म्हणाले, “झालं तर. ते तांबंच आहे. उगं पोराच्या मागं लागलीस.” मी थोरल्याला खोक्याच्या मागच्या बाजूचा फोटो मागितला. त्यावर बारीक इंग्रजी अक्षरांत ‘जॅकेटेड’ असं लिहिलं होतं. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवण्याचा काहीतरी उपयोग व्हायचाच.

“जॅकेट म्हणजे काय?” मी आजोबांना विचारलं.

“अंगात घालतात ते.”

“मग ते तांबं अंगातलं जॅकेट झालं. आत कोण आहे?”

आजोबांनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “टोकाला करडं दिसतंय,” ते म्हणाले. “आत शिसं हाय.”

थोरल्यानेही आपली चूक मान्य केली. दुकानात त्याने ‘तांबं’ एवढाच शब्द पाहिला होता. तरी त्याची मान्यता आणि आजोबांची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. आजोबांचं म्हणणं असं पडलं की शिसं असलं म्हणून काय, चार बोटं कापलं की संपलं. त्यांच्या वडिलांचा नियम होता. नातवाने तो पाळला होता. मग पोरीच्या तोंडात आलं ते एखादं चुकार.

इथे नातसुनेने मार्ग काढला. ती जनावरांच्या दवाखान्यात काम करते. तिथल्या डॉक्टरांना विचारून तिने फ्रीजरमधली काही पाकिटं नेली आणि कुत्र्यामांजरांच्या एक्स-रे यंत्राखाली ठेवली. फोटो आम्हाला पाठवले. पहिला फोटो खिम्याच्या पाकिटाचा होता. खिमा म्हणजे खांद्याकडचं, मानेकडचं उरलंसुरलं मांस. काळ्या फोटोवर पांढरे ठिपके होते. काही ठळक, बाकीचे कुणीतरी वरून पिठी भुरभुरावी तसे.

आजोबांनी त्यांचं भिंग आणायला सांगितलं.

“हे पाकीट जखमेजवळचं?” त्यांनी फोनवर विचारलं.

“नाही, आजोबा,” नातसून म्हणाली. “जवळचं सगळं टाकलं होतं. हे चार बोटांच्या बाहेरचं आहे.”

“किती बाहेरचं?”

तिने स्वतःचा हात पुढे केला आणि मनगटापासून कोपराकडे बोट फिरवलं.

आजोबांनी आपली चार बोटं फोनच्या काचेवर आडवी ठेवली. नातसुनेच्या हाताशी त्यांची तुलना करत असावेत. बोटं उचलली, परत ठेवली. मग भिंग फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

“चार बोटं छर्‍याला ठीक व्हती,” ते म्हणाले. “ही गोळी निराळी. मी पोराला दुनळीचा नियम सांगितला.”

त्या दिवशी जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रारही केली नाही.

पोरीची रक्ततपासणी करायची ठरलं. ती करायला नेताना तिला काय सांगायचं, यावर तिच्या आईबापांची बरीच चर्चा झाली. शेवटी खरंच सांगितलं, की तुझं जे वाजतं ते अंगाला चांगलं नाही, ते किती गेलंय ते बघायचं आहे. ती म्हणाली, “मग पणजोबांचंपण बघा.” निकाल यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत आजोबा दर थोड्या वेळाने फोनकडे बघायचे आणि मी बघितलं की म्हणायचे, “पावसाचं काय म्हणतायत ते बघतोय.” पाऊस कधीच संपून गेला होता, ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती.

निकालातला आकडा मी इथे लिहीत नाही, कारण आकडे लक्षात राहतात आणि त्यांचा अर्थ विसरला जातो. डॉक्टरांचं म्हणणं असं होतं : असायला हवं त्यापेक्षा थोडं जास्त आहे. औषध द्यायची गरज नाही. येण्याचा रस्ता बंद करा, दूध-पालेभाज्या नीट खाऊ घाला, काही महिन्यांनी परत तपासा. काय काय खाण्यात आलं याची त्यांनी चौकशी केली आणि घराचा रंग, पाण्याचे नळ यांबद्दलही विचारलं. घर नवं आहे. बाकी काही सापडलं नाही.

रस्ता बंद करा, हे सोपं वाटतं. पण फ्रीजरमध्ये जवळपास अख्खं हरीण होतं.

आपल्या घरात मारलेलं टाकत नाहीत. सासरे तर म्हणायचे की जे खायचं नाही ते मारायचं नाही, आणि आजोबांनी नातवाला शिकारीच्या गोष्टी सांगताना बाकी काही शिकवलं नसेल पण हे शिकवलं होतं. थोरल्याला तेच टोचत होतं. “आजोबा, मी ते जनावर खाण्यासाठी मारलं,” तो म्हणाला. “आता कचऱ्यात कसं टाकू?”

मी मागून म्हणाले, “पोरीच्या ताटात कसं टाकशील?”

“तू जरा थांब,” आजोबा मला म्हणाले. त्यांनी खुर्ची फोनजवळ ओढली. “ऐक. मागच्या दोन्ही मांड्या अख्ख्या ठेवल्यात का?”

“हो, हाडासकट.”

“गोळी कुठनं कुठं गेली?”

थोरल्याने सांगितलं. पुढच्या खांद्यामागून शिरली, दुसऱ्या बाजूने निघाली.

“मग मांड्या लांब हायेत. त्यांचाबी फोटो काढ. निघाल्या साफ, तर तुम्ही दोघं खा. पोरीला न्हाय. खिमा सगळा टाक. पुढचं सगळं टाक. आणि ऐक, रानात टाकू नको.”

“का?”

“गिधाडं, घारी खातील. तिकडं जे काय पक्षी असतील ते. त्यांनी आपलं काय वाकडं केलंय? कुत्र्यालाबी घालू नको. पाकिटं बांधून कचऱ्याच्या गाडीत.”

मी हे सगळं वाचलं होतं, पण त्यांना सांगितलं नव्हतं. घारींचं त्यांना आपलं आपणच सुचलं.

मांड्या साफ निघाल्या. खिमा गेला. तो टाकताना थोरल्याने आम्हाला फोन केला नाही, नंतर एका ओळीचा निरोप पाठवला : टाकला. आजोबांनी तो वाचला आणि फोन पालथा ठेवला.

पुढचा प्रश्न गोळीचा. तो वर्षभर चालला. थोरल्याला तिकडे एका ओळखीच्या शिकाऱ्याने मधला रस्ता सुचवला होता : शिसं वरच्या तांब्याला घट्ट जोडलेली गोळी मिळते, तिचा चुरा कमी उडतो. मी म्हटलं, कमी म्हणजे किती कमी, आणि पोरीसाठी तेवढंही कशाला? मग अख्ख्या तांब्याची गोळी. आत-बाहेर तांबंच. ती उमलते, पाकळ्या होतात, पण तुकडे सोडत नाही. बहुतेक वेळा आरपार जाते. यावर आजोबांची एकच शंका होती, आणि ती त्यांनी प्रत्येक रविवारी विचारली.

“जनावर जागेवर पडतं का?”

“पडतं म्हणतात.”

“म्हणतात म्हणजे? तू बघ. जखमी होऊन झाडीत गेलं आणि दोन दिवसांनी मेलं, तर त्या शिशानं काय वाईट केलं होतं?”

हा प्रश्न मला आवडला. माझ्या वाचनात तो खालच्या बाजूला कुठेतरी होता, त्यांच्या मनात तो सगळ्यांत वर होता. थोरला सरावाच्या मैदानावर जायला लागला. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढीच लांब गोळी वजनाला कमी भरते आणि रायफलीचा नेम नव्याने बसवावा लागतो. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या खाली लागल्या. त्याने फोटो पाठवला, आजोबा म्हणाले, “हरणाचे पाय मोडायचा विचार हाय का?” मग त्याने वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या आणून बघितल्या. त्याच्या रायफलीला कुठली मानवते ते सापडायला बरेच महिने गेले. आजोबांनी निशाण्याचा प्रत्येक कागद बघितला. नेमाचे फोटो आले की ते भिंग मागायचे. पावसाळ्याअखेरीस एक असा कागद आला की सगळी भोकं एका बांगडीत मावली असती. आजोबा म्हणाले, “आता लांबून मारू नको. ह्या गोळीला जवळनं मार, म्हणजे ती नीट उमलंल. जवळ जाता येत न्हाय, तर परत घरी ये.”

मधल्या काळात पोरीची दुसरी तपासणी झाली. रक्तातलं शिसं खाली आलं होतं. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या.

मग परत हिवाळा आला. एका रविवारी फोन लागला तेव्हा थोरल्याने त्याच आठवड्यात मारलेल्या दुसऱ्या हरणाचं सांगितलं. एका गोळीत, जवळून, जागेवर. आजोबांनी दोनदा विचारून घेतलं. गोळी आरपार गेली आणि मातीत कुठेतरी राहिली. या वेळी मांस ताकात न भिजवता नुसतं आलं-लसूण लावून केलं होतं, कारण आता कळकायला काही नव्हतं तरी नातसून माझ्या ताकावर नाराज होती, आणि मी वाद घातला नाही. खिम्याच्या एका पाकिटाचा तिने आधीच एक्स-रे काढला होता. फोटो काळाभोर होता. त्यात एका बाजूला पाकीट बंद करायची क्लिप तेवढी पांढरी दिसत होती.

पणती जेवायला बसली. ती सावकाश चावत होती. तिच्या जिभेची चाल गालावरून दिसत होती. ताट संपलं तरी आवाज झाला नाही.

“पणजोबा, माझं वाजलंच नाही,” ती म्हणाली.

“न्हाय वाजलं, म्हणजे तुझ्या बापानं काम नीट केलं.”

“पण मग कलेजी कुणाला?”

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या न्याहारीत त्या दिवशी कालची आमटी होती. त्यांनी वाटी ताटात ओतली, चमच्याने उगाच ढवळलं, खिशातून काहीतरी काढलं आणि ताटात टाकलं. टण् असा आवाज झाला.

“माझं वाजलं,” ते म्हणाले.

“काय आहे ते? दाखवा!”

त्यांनी चिंचोका फोनसमोर धरला. पणती बराच वेळ बघत राहिली. “हे शिसं नाहीये,” ती म्हणाली. “आणि तुम्ही खिशातून काढलं. मी बघितलं.”

“बघितलंस ना? मग कलेजी तुझी.”

तिला ते पटलं. तेव्हापासून तिला चिंचोका हवा आहे. नातसून तिथल्या भारतीय दुकानात गेली, तर चिंचेच्या पाकिटावर ‘सीडलेस’ असं लिहिलेलं. सगळ्या पाकिटांवर तेच. बी असलेली चिंच तिकडे मिळेना.

परवा मी वर्षाची चिंच फोडायला बसले. दरवर्षी बसते. टरफल काढायचं, शिरा काढायच्या, बी काढायची, मीठ लावून गोळे करायचे. माझ्या गोळ्यांत बी नसते, हे गावात कुणालाही विचारा. आजोबा शेजारी पाट घेऊन बसले आणि मी काढून टाकलेल्या बियांतून चांगल्या, टपोऱ्या, न किडलेल्या निवडायला लागले. त्या तव्यावर भाजून तिकडे जाणाऱ्या कुणाबरोबर पाठवायच्या, भाजल्यावर उगवणार नाहीत म्हणजे विमानतळावर कुणी अडवणार नाही, असा त्यांचा बेत होता.

“तिला सांगा, चावायचा नाही,” मी म्हटलं. “चिंचोक्यानं दात जाईल.”

“शिशानं जात नव्हता,” आजोबा म्हणाले.

शेवटच्या दोन गोळ्यांत मी बिया राहू दिल्या. बरणीत ते गोळे सगळ्यांत वर ठेवले आहेत. तुम्ही तिघं याल तेव्हा आमटी त्यांचीच होईल. जेवताना दात सांभाळा, आणि ज्याचं वाजेल त्याने आधी आजोबांचे खिसे बघावेत.